प्लवक आणि तळेगावची लाइट

समुद्राचा अभ्यास समुद्रापासून लांब राहूनच करावा. जवळ गेलं की पाय ओले होतात आणि निष्कर्ष डळमळतात. या कसोटीवर वर्धा जिल्ह्याइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. म्हणूनच २००५ साली तळेगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या देवेंद्रने हवामान तापल्यावर सागरी प्लवक (पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म जीव, यांच्यावर मासे जगतात आणि माशांवर कोकण) कुठे सरकतील, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडलं. त्याने समुद्र पाहिला नव्हता. त्यामुळे पूर्वग्रहही नव्हता.

पीएचडीशिवाय नोकरी पक्की होत नव्हती आणि पक्क्या नोकरीशिवाय वल्लरीचे वडील हरिभाऊ लग्नाची तारीख काढत नव्हते. थोडक्यात, वल्लरीच्या अक्षता प्लवकांवर अडल्या होत्या. देवेंद्रचा जीव टांगणीला लागला होता.

गणित सुरू झालं की पाणी तापे, प्लवक उत्तरेकडे निघत आणि २०४३ साल आलं की लोडशेडिंग होई. (तालुक्यात तेवढं एकच काम वेळेवर होत असे.) लाइट आली की समुद्र पुन्हा पहिल्यापासून. शेवटी कंटाळून त्याने तो तुटका आलेखच पीएचडीच्या समितीपुढे ठेवला.

समिती हादरली. २०४३ नंतर कागद कोरा होता.

"सर, प्लवक नाई गेले, लाइट गेलती," देवेंद्र कळवळून म्हणाला.

"दोन्हीचं कारण वीजच ना? तिच्यासाठी कोळसा जाळूनच तं समुद्र तापते," अध्यक्ष मधुकरराव म्हणाले. "काऊन आपल्याच शोधाले कमी लेखून राह्यले?"

मग सगळे सदस्य गंभीरपणे बोटांवर काहीतरी मोजू लागले. मधुकररावांचा चेहरा सर्वांत आधी उजळला. "आपन तं तवा नसूच," ते म्हणाले, आणि प्रबंधाला अनुकूल शेरा मिळाला.

देवेंद्रला मात्र चैन पडेना. आष्टीच्या मित्राच्या जनरेटरवर त्याने गणित शेवटपर्यंत चालवलं. प्लवक एकदम संपत नव्हते; दरवर्षी थोडे कमी होत होते, थोडे दूर जात होते. समितीने हा भाग वगळायला लावला. ज्या संकटाला तारीख नाही, त्यावर चर्चासत्र तरी कधी ठेवणार? देवेंद्रने मान खाली घालून तो वगळला. त्याला पीएचडी मिळाली, वल्लरीही मिळाली.

"खरं काय होईन हो?" लग्नानंतर तिने विचारलं.

"थोडं थोडं कमी होत जाईन."

"मंग काई घाई नाई," ती म्हणाली, आणि त्यालाही हायसं वाटलं.

वाचकांनी या मंडळींना हसावं, हरकत नाही. पण २०४३ हा आकडा दिसताच आपणही मनात स्वतःचं वय मोजलंच आहे, आणि उत्तर सोयीचं आलं असेल तर हायसंही वाटलं आहे.