काकांच्या पुढची जागा

आयझॅककाका रांगेत उभे राहिले की त्यांच्या पुढे एका माणसापुरती जागा रिकामी असायची. पाववाल्याकडे, पोस्टात, दवाखान्यात, सगळीकडे. इस्रायलमधल्या आमच्या रामल्यात रिकामी जागा फार वेळ रिकामी राहत नाही. कोणीतरी पिशवी सरसावून तिथं घुसायचंच. मग काका त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवून अस्सल भायखळ्याच्या मराठीत सांगायचे, "तिथं माणूस आहे." घुसणारा मोरोक्कोचा असो की पोलंडचा, त्याला शब्द कळायचे नाहीत. पण आवाज असा, की तो कोणाला तरी शोधत इकडेतिकडे बघायचा आणि बावचळून मागे जायचा.

मुळात रामल्यात रांग असते, हाच काकांचा शोध. इथं लोक दुकानावर चाल करून जातात. काकांनी मुंबईत बावीस वर्षं ट्रामवर कंडक्टरी केलेली. गर्दी दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. खिशात खडू असायचा. जमिनीवर रेघ ओढायचे आणि ओरडायचे, "डिसिप्लिन! राणीसाहेब आल्या तरी लाइनीतच!" एका लग्नात त्यांनी नवरदेवालाच जेवणाच्या रांगेत सातवा उभा केला होता. त्याची आई अजून काकांशी बोलत नाही.

आम्ही दोघं एकाच बस डेपोत होतो. ते बस धुवायचे, मी गॅरेजात ग्रीसमध्ये लडबडायचो. संस्था म्हणायला सहकारी. पण सहकार सभासदांचा. आम्ही मुंबई, बगदाद, मराकेशहून आलेले सगळे 'तात्पुरते'. काका नऊ वर्षं तात्पुरते होते.

मी लहानपणापासून संपाच्या पत्रकांवर वाढलेला. माझे वडील गिरणीत, आणि आमच्या घरी फळीवर धान्याच्या डब्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. त्यामुळे 'आम्हाला कायम करा' म्हणून तात्पुरत्यांनी संप पुकारला तेव्हा मराठी पत्रकं लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मला वाटलं होतं, गाव आमच्या बाजूनं उभं राहील. सगळे आपल्यासारखेच, बोटीतून नाहीतर विमानातून उतरलेले.

पहिल्याच सकाळी स्टॅंडवर टोमॅटो आले. खायला नव्हे. तेल अवीवला शिवायला जाणारा एक शिंपी माझ्या तोंडाजवळ बोट नाचवत म्हणाला, "घर दिलं, काम दिलं, आणि आता संप? जा परत, होदी!" होदी म्हणजे हिंदी माणूस. तो शब्द तोवर मला शिवी वाटत नव्हता. त्याहून लागलं ते आमच्याच माणसांचं. सिनेगॉगमध्ये एक वडीलधारे म्हणाले, "नाथन, आधीच इथं आपल्या ज्यूपणाबद्दल लोक शंका काढतात. पाहुण्यानं पंगतीत भांडू नये."

"पाहुणे?" मी म्हणालो. "मग बस धुवायला पाहुणे का लागतात?"

दुसऱ्या दिवशी गर्दी आमच्यावर धावून येणार एवढ्यात काका आले. खडू काढला, रेघ ओढली, शिट्टी मारली. "वन बाय वन! डिसिप्लिन!" आणि खोटं नाही सांगत, लोक उभे राहिले. टोमॅटोवाल्यांसकट. आपण नक्की कशासाठी उभे आहोत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. काका एकेकापाशी जाऊन, छातीवर हात ठेवून, आपल्या मोडक्या हिब्रूत सांगत होते, "सलीखा, माफ करा, साहेब. आज बस नाही. बहुतेक उद्याही नाही. गैरसोयीबद्दल माफी असावी."

मी त्यांना बाजूला ओढलं. "काका, बस येणारच नाही. मग लाइन कशाला?"

"बस नाही म्हणून काय माणसांची गर्दी होऊ द्यायची?"

"आणि माफी कसली मागता? आपला हक्क आहे!"

"हक्क आहे रे. पण तिचा पाय सुजलाय ना." त्यांनी रांगेतल्या एका इराकी म्हातारीकडे बोट दाखवलं. मग रस्त्यात उभं राहून त्यांनी टरबुजांचा एक ट्रक अडवला, म्हातारीला ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि हॉस्पिटलच्या दारात उतरवायची त्याला तंबी दिली. हे त्यांनी रोज सुरू केलं. आजारी आणि पोटुशा बायका पुढे, शिंपी मागे. शिंपी चार दिवस पायी गेला. पण पाचव्या दिवशी त्यानंच काकांसाठी स्टूल आणलं.

आता लिहिताना हे सगळं मला दिसतं. तेव्हा मला दिसला तो फक्त फितुरीचा वास. हो, तेव्हा मला वासही दिसायचे. लोकांची अडचण झाली नाही तर संपाला दात कुठले? मी रातोरात नव्हे, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत बसून पत्रक लिहिलं. मथळा: 'मालकांचा कंडक्टर'. त्यात 'पाठीत सुरी' होती, 'गुलामाची माफी' होती. नाव घातलं नव्हतं. पण खडूचा उल्लेख होता. नाव घालायची गरजच काय?

दुसऱ्या दिवशी काका स्टॅंडवर आले नाहीत. शनिवारी प्रार्थनेला त्यांच्या बाकावर कोणी बसलं नाही. ते मात्र पत्रकाची घडी खिशात घालून मला म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं." एवढंच. मी त्याला टोमणा समजलो. काका टोमणे मारत नसत, हे मला ठाऊक होतं तरी.

संप अर्धा जिंकला. काही जणांना कायम करायचं ठरलं, आणि नावं आमच्या कमिटीनं द्यायची होती. काकांचं नाव निघालं तेव्हा एकानं माझं पत्रक काढून मोठ्यानं वाचलं. लोक माझ्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. 'मी चुकलो' हे तर दोनच शब्द. मी खिडकीबाहेर धुतलेल्या बसकडे बघत राहिलो. नाव वगळलं गेलं. यादीत माझं होतं.

काका दक्षिणेच्या वाळवंटात, मित्स्पे रामोनला गेले. तिथं एका गोदामावर पहाऱ्याचं काम मिळालं असं कळलं. मला जायला आठ महिने लागले. अंतर तेवढं नाही.

बसमधून उतरलो तर समोर थांब्यावर काका उभे. थांबा म्हणजे एक खांब. मागे खोल दरी, आणि वाऱ्यात वाळू. दुसरं चिटपाखरू नव्हतं. तरी काका खांबापासून एक माणूस सोडून उभे होते. पायाशी खडूची रेघ.

मी वाटेत भाषण तयार केलं होतं. ते गेलं. म्हणालो, "सलीखा, काका."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. छातीवर हात ठेवला. "गैरसोय काही झाली नाही. लाइनीत ये. दर मंगळवारी बीरशेबाला जातो. तिथं तुझी काकू आहे."

लेआकाकू तर वारल्या होत्या. रामल्यात आम्ही त्यांना पाहिलंच नव्हतं. मी त्यांच्या मागे उभा राहिलो आणि इतक्या वर्षांत कोणीच न विचारलेलं विचारलं. "काका, पुढे कोण?"

"ती." त्यांनी रिकाम्या जागेकडे हात केला. "देशात आल्यावर तिथल्याच छावणीत होतो बघ आम्ही, पहिल्या साली. तिला ताप. दवाखान्याचं दार एक आणि माणसं ही! मी कोपरं मारत पुढे घुसलो. थेट डॉक्टरपर्यंत. वळून बघतो तर ती मागेच राहिलेली. लोकांच्या पायात." त्यांनी चपलेनं रेघेवरची वाळू सारली. "तेव्हापासून पुढे ठेवतो."

पाच पत्रकं लिहिली मी त्या संपात. हे विचारायला एक वाक्य लागलं असतं.

बस लांबून दिसली. कुठूनशी एक धिप्पाड बाई दोन टोपल्या सांभाळत धावत आली आणि सवयीनं थेट काकांच्या पुढे शिरायला लागली. काकांचा हात उठला. पण त्याआधी मीच म्हणालो होतो, हिब्रूत, मोठ्यानं, "बाई, तिथं माणूस आहे."

तिनं रिकाम्या जागेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. काहीतरी पुटपुटली आणि टोपल्या उचलून माझ्या मागे येऊन उभी राहिली.