शेव्हरोलेतलं बिऱ्हाड

सुधीरने १९६६ सालची शेव्हरोले पिकअप घेतली, आणि जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमधल्या तमाम मराठी मंडळींचा घर बदलण्याचा प्रश्न कायमचा सुटला. जवळच्या लष्करी तळावरचा एक अमेरिकन सार्जंट मायदेशी जाताना ती विकून गेला होता. मूळचा फिकट हिरवा रंग, बटाट्यासारखे डोळे वटारलेले गोल दिवे, पुढे तिघं ऐसपैस बसतील असं सलग सीट. सुधीरने हौसेने ऑर्कुटवर फोटो टाकला. पहिली प्रतिक्रिया आली, "वॉशिंग मशीन उभं मावेल का?"

तेव्हापासून त्याने लोकांचे फ्रीज वाहिले, गाद्या वाहिल्या, गणपतीचं मखर वाहिलं. गाडीला मात्र कुणी कधी "छान आहे" म्हटलं नाही. सगळे तिला टेम्पो म्हणत. म्हणून येत्या रविवारच्या जुन्या अमेरिकन गाड्यांच्या मेळाव्यावर त्याचा सगळा जीव होता. एखाद्या जाणकाराने एकदा तिच्याकडे नीट बघावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

आदल्या दिवशी, शनिवारी, घर बदलणाऱ्या मित्राचा, शशिकांतचा फोन आला.

"सुध्या, तासाभराचं काम आहे रे."

संध्याकाळपर्यंत सामान चढवून झालं, जुन्या घराची किल्ली मालकाला देऊन झाली, आणि मग कळलं की नव्या घराची किल्ली इमारतीची देखभाल करणाऱ्या हाऊसमाइस्टरकडे आहे आणि हाऊसमाइस्टर सोमवारपर्यंत सुट्टीवर.

"मग सामान माझ्या घरी उतरवू," सुधीर दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला.

"चौथ्या मजल्यावर? रविवारी?" रात्री त्याच्याच पलंगावर झोपून उठलेला शशिकांत म्हणाला. "इथे रविवारी आवाज चालत नाही, खालची म्हातारी पोलीस बोलावेल. तू जा ना तसाच मेळाव्याला. सामान काय बोलतंय तुला?"

"भाऊजी, मी पण येते," शशिकांतची बायको विभावरी म्हणाली. "देव तिकडे उघड्यावर आणि मी इथे?"

"वहिनी, देव्हारा काढून घरात ठेवू या."

"तो कपाटाच्या मागे आहे. कपाट सोफ्याच्या मागे."

तर तिघं निघाले.

मैदानात चकचकीत गाड्या बॉनेट उघडून ओळीत उभ्या होत्या. काउबॉय टोप्या घातलेले जर्मन काका मऊ फडक्याने त्यांना पुसत होते. फाटकावरच्या पोराने गादी, सोफा आणि वर बांधलेलं इस्त्रीचं टेबल पाहिलं आणि हात केला.

"माल मागच्या बाजूने."

"मी भाग घ्यायला आलोय," सुधीर म्हणाला.

"जा, जा. सॉसेजवाल्याच्या मागे."

अशा रीतीने १९६६ सालची शेव्हरोले सॉसेजचा स्टॉल आणि फिरती शौचालयं यांच्या मधोमध लागली.

"अहो, सोफा तरी खाली घ्या," विभावरी म्हणाली. "भाऊजींची गाडी दिसणार कशी?"

सोफा उतरला. क्षणात त्यावर तीन काउबॉय सॉसेज खात बसले. एका बाईने कपाटाची किंमत विचारली. शशिकांत सांगायच्या बेतात होता, पण विभावरीने नुसतं बघितलं. दुपार कलली. गाडीकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. सुधीर पायरीवर बसून राहिला. चिडायलाही अंगात त्राण लागतं.

आणि मग एक म्हातारा आला. तो सोफ्यावर बसला नाही. त्याने गाडीला सावकाश प्रदक्षिणा घातली, मडगार्डवरून हात फिरवला, गुडघ्यावर बसून खाली डोकावला.

"रंग मूळचाच?"

"हो!" सुधीर उडी मारून उठला.

"इंजिन?"

"तेही!"

"फार सुंदर," म्हातारा म्हणाला. "माझ्याकडे अगदी हीच आहे. पहिल्या ओळीत, ती निळी."

सुधीरने शर्टाच्या बाहीने पुढचा दिवा पुसला. शशिकांतसुद्धा उठून उभा राहिला.

म्हाताऱ्याने मागचा फळकुटांचा तळ दाबून पाहिला. "आल्झो, तर मग येत्या शनिवारी मोकळे आहात? बायकोच्या आईचं कपाट हलवायचंय. ओकचं आहे."

सुधीरने पहिल्या ओळीकडे बोट दाखवलं. "पण तुमच्याकडे तर अशीच गाडी आहे!"

"गेनाऊ, म्हणूनच तर," म्हातारा दचकून म्हणाला. "तिला ओरखडा आला म्हणजे?"

सोफ्यावरच्या तिघांनी गंभीरपणे माना डोलावल्या. सुधीरने एक लांब श्वास सोडला.

"कितवा मजला?" त्याने विचारलं.