वापरकर्ता दीर्घ रजेवर

बुधवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या वडिलांच्या संगणकाने त्यांना एक प्रश्न विचारला. प्रश्न साधा होता : 'आपण केलेले बदल जतन करायचे आहेत का?' खाली तीन बटणं होती. 'जतन करा', 'जतन करू नका' आणि 'रद्द करा'. वडिलांनी त्यांतलं एकही दाबलं नाही. त्यांनी मला फोन केला.

बाबा पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं नकाशे काढत होते. जमिनीखालचा कुठला नळ कुठे वळतो ते कागदावर दाखवायचं, आणि खात्री असल्याशिवाय रेघ ओढायची नाही, अशी ती नोकरी. निवृत्त झाल्यावर संगणकाशीही ते त्याच शिस्तीने वागले. ज्या करारांखाली सगळं जग डोळे मिटून 'मान्य आहे' म्हणतं, ते करार त्यांनी चष्मा लावून वाचले. एकात कलम सतरा आणि कलम बावीस एकमेकांच्या विरोधात जातात, असं त्यांनी कंपनीला कळवलं होतं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे,' असं कंपनीने उलट टपाली कळवलं. बाबांनी ते उत्तर छापून फाइलला लावलं.

या सगळ्या कारभारात मी तज्ज्ञ होते. तशी मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक देते. पण सात वर्षांपूर्वी बाबांनी संगणक आणला तेव्हा त्याची मागची एक तार सैल होती, ती मी नीट खोचली आणि पडद्यावर उजेड आला. त्याच क्षणी घरात माझी नेमणूक झाली. अशा नेमणुकीचा राजीनामा कुणी स्वीकारत नाही.

"एक चौकट आलीय," बाबा म्हणाले. "बदल जतन करायचे का विचारतेय. बदल कुठले ते मात्र सांगत नाही."

"तुम्ही काहीतरी टाइप केलं असेल ना?"

"दोन तास करतोय. त्यातलं कुठलं म्हणते ही?"

"सगळंच, बाबा."

"मग 'सगळे बदल' असं लिहायला हवं होतं. आणि हे 'रद्द करा' म्हणजे नक्की काय रद्द? बदल रद्द, जतन करणं रद्द, की प्रश्नच रद्द?"

माझ्या टेबलावर एकशे चाळीस नवी पुस्तकं क्रमांकाची वाट बघत होती. "रोज काय हो हे तुमचं?" मी म्हणाले. "आता कशालाही हात लावू नका. मी संध्याकाळी बघते."

"बरं बरं. नाही लावत."

संध्याकाळी मी फोन केला नाही. गुरुवारी सकाळी बाबा दाढी करून बाहेर आले, खुर्चीत बसले आणि गेले. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. चौकट पडद्यावर तशीच होती.

पुढचे दोन आठवडे माणसं येत-जात राहिली. आलेला प्रत्येक जण आधी हळहळे आणि मग आपला फोन चार्ज करायला जागा शोधे. म्हणून आईने संगणकाच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसू लागली. "हात लावायचा नाही असं सांगितलंय त्यांना," ती येणाऱ्याला सांगे. कुणी सांगितलंय ते ती सांगत नसे. मीही तो विषय काढत नसे.

गर्दी ओसरल्यावर मी पडद्यासमोर बसले. सकाळी बागेत बाबांबरोबर चालणाऱ्या अकरा मित्रांसाठी ते एक मार्गदर्शिका लिहीत होते : 'ज्येष्ठांसाठी संगणक, स्वानुभवावर आधारित'. पडद्यावर शेवटचं पान होतं. 'प्रकरण ९ : संगणक अडकल्यास. पायरी १ : शांत राहावे. पायरी २ : संगणक काय म्हणतो ते पूर्ण वाचावे. पायरी ३ : तरीही न सुटल्यास मुलीला'. इथे चौकट सुरू होत होती. तिच्याखाली आठ ओळी दडल्या होत्या. चौकट संपल्यावर सगळ्यात खाली एवढंच दिसत होतं : 'इतके केल्यावर संगणक निश्चित चालतो.'

म्हणजे संगणक अडकल्यावर काय करावं, याच्या सूचना अडकलेल्या संगणकाच्या पोटात होत्या. आणि मुलीला काय करावं, हे मुलीला दिसत नव्हतं. मला त्या आठ ओळी हव्या होत्या. बाबांनी हातावेगळं केलेलं ते शेवटचं काम होतं, आणि ते माझ्याविषयी होतं.

चौकट जागची हलत नव्हती. 'जतन करू नका' दाबायचा प्रश्नच नव्हता. 'रद्द करा' करड्या रंगाचं होतं. करडं बटण असतं, पण कामाचं नसतं. प्रत्येक कार्यालयात असे एक-दोघे असतातच. राहिलं 'जतन करा'. ते दाबल्यावर उत्तर आलं : 'आपल्याला परवानगी नाही. कृपया आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा.' ते मिटवलं की पुन्हा मूळची चौकट. आणि उजव्या कोपऱ्यात एक बारीक सूचना उगवली होती : 'अद्ययावतीकरणासाठी हा संगणक शुक्रवारी सकाळी दहा वाजता आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होईल.' मी 'पुढे ढकला' दाबलं. संगणकाने कळवलं की त्यासाठी आधी उघडी चौकट बंद करावी लागेल.

त्या दिवशी मंगळवार होता.

मी दादाला फोन केला. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे आणि कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असतं.

"बंद करून चालू कर," तो म्हणाला.

"अरे, जतन केलेलं नाहीये. सगळं जाईल."

"जात नाही गं काही. आजकाल सगळं वर साठतं."

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे... वर. कंपनीकडे."

"बाबांनी तो करार वाचला होता. वाचून नाकारला."

मग दादा चिडला. "तो कुणी वाचतं का? आणि शिकलेली तू, मला काय विचारतेस?" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

गुरुवारी दुरुस्तीवाला आला. पाठीवर बॅग, खिशात तीन पेनं, बोलण्यात घाई. त्याने पडद्याकडे एकदा बघितलं, मान हलवली आणि "हे होतं असं," म्हणाला. कशामुळे होतं, असं मी विचारलं. "सिस्टीममुळे," तो म्हणाला आणि त्याने बटणावरची चिकटपट्टी सोलायला घेतली. आईने त्याचं मनगट धरलं.

"काय करताय?"

"काकू, बंद करून चालू करतो. वीस वर्षं हेच करतोय मी."

"वीस वर्षांत दुसरं काही शिकवलं नाही का कुणी?"

तो दुखावला. "मशीन तुमचं आहे, तुम्ही जाणा. मला अजून चार ठिकाणी जायचंय." जाताना त्याने पावती दिली. तिच्यावर लिहिलं होतं : 'ग्राहकाचे सहकार्य नाही.'

कंपनीचं मदत केंद्र सकाळी नऊला उघडतं. शुक्रवारी नऊला मी फोन केला, आणि माझा फोन किती महत्त्वाचा आहे हे बारा मिनिटं ऐकल्यावर पलीकडे एक बाई आल्या. आवाज गोड होता. मी सगळं सांगितलं.

"समजलं, मॅडम. बंद करून चालू केलंत का?"

"नाही. ते करायचं नाहीये, म्हणूनच फोन केला."

"ते केल्याशिवाय मला पुढचा रकाना उघडत नाही, मॅडम."

"मग 'केलं' असं टाका."

त्यांनी तत्परतेने टाकलं. "वापरकर्ते स्वतः आहेत का लाइनवर?"

"ते माझे वडील. वारले."

"ओह, सॉरी मॅडम. मग मी 'वापरकर्ता अनुपलब्ध' करते. कारण? इथे आजारी, प्रवासात आणि रजेवर असे पर्याय आहेत."

"कायमचे गेले."

"कायमचं नाहीये यात." त्या खरोखरच शोधत होत्या, कळा दाबल्याचा आवाज येत होता. "दीर्घ रजा आहे. चालेल?"

मी आईकडे बघितलं. ती चौकटीकडे बघत होती.

"चालेल," मी म्हणाले.

"तुमची विनंती प्रशासकांकडे पाठवली आहे. अठ्ठेचाळीस तासांत उत्तर येईल."

"दहा वाजता मशीन बंद होणार आहे. प्रशासक कोण आहेत? मी थेट बोलते त्यांच्याशी."

"ते गोपनीय असतं, मॅडम."

"निदान त्यांना घाई करायला सांगा."

"आमचं ते ऐकत नाहीत. काही काही प्रशासक तर उत्तरच देत नाहीत. आम्ही तरी काय करणार?"

एवढ्यात माझ्या हातातला फोन थरथरला. कानापासून दूर धरून मी संदेश वाचला. 'माननीय प्रशासक, आपल्या अखत्यारीतील वापरकर्त्याची विनंती क्रमांक २१४ प्रलंबित आहे.'

सात वर्षांपूर्वी, तार खोचल्यानंतर, संगणकाने माझा फोन क्रमांक आणि ई-मेलचा पत्ता विचारला होता. मी दोन्ही दिले होते आणि करार न वाचता 'मान्य आहे' म्हणाले होते. त्या दोन शब्दांनी मी एका माणसाची सरकार झाले होते. बाबांनी संगणकावरून पाठवलेल्या आधीच्या दोनशे तेरा विनंत्या माझ्या ई-मेलच्या टपालपेटीत जाहिरातींच्या कप्प्यात पडल्या होत्या. प्रशासक म्हणजे दूर कुठेतरी काचेमागे बसलेला माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपापला तो कप्पा एकदा उघडून बघावा.

साडेनऊ होत आले होते. वाचायला वेळ नव्हता. तरी मी वाचल्या.

'मा. प्रशासक साहेब यांस, स. न. वि. वि. अक्षरे अचानक तिरकी झाली आहेत. मी सरळच बसलो आहे.' हा क्रमांक १७. क्रमांक ६३ : 'छपाईयंत्र कागद नाही म्हणते. कागद आहे. मी त्याला काढून दाखवला.' क्रमांक १५८ : 'संगणक म्हणतो, काहीतरी चुकले. कोणाचे, ते कळावे, म्हणजे सुधारता येईल.' प्रत्येकाखाली एकच शेरा होता : 'अठ्ठेचाळीस तासांत उत्तर न आल्याने समाधानकारकरीत्या निकाली.' आणि त्याखाली वापरकर्त्याचं मत. सेवेने आपण समाधानी आहात का? बाबांनी दोनशे तेरा वेळा पाच तारे दिले होते. अभिप्रायाच्या रकान्यात प्रत्येक वेळी तेच : 'साहेब कामात असतील.'

नऊ पंचेचाळीस. मी विनंती क्रमांक २१४ उघडली. परवानगी देण्याआधी समस्येचं कारण लिहिणं बंधनकारक होतं. मी लिहिलं, 'कारण माहीत नाही.'

'हे उत्तर ग्राह्य नाही. प्रशासकास कारण माहीत असणे अपेक्षित आहे.'

'बराच विचार करूनही कारण समजले नाही.'

'हे उत्तर ग्राह्य नाही.'

नऊ त्रेपन्न. मी लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव.'

'आपल्या सखोल विश्लेषणाबद्दल आभार. परवानगी देण्यात येत आहे.'

मी पडद्याकडे वळले आणि 'जतन करा' दाबलं. चौकट गेली. एवढ्या दिवसांची चौकट, पण जाताना आवाजसुद्धा झाला नाही. खाली पान पूर्ण होतं, सुबक, प्रत्येक ओळीपुढे मोजून तेवढंच अंतर.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं. तिचा चष्मा आतल्या खोलीत होता. मी मोठ्याने वाचलं.

"पायरी ३ : तरीही न सुटल्यास मुलीला फोन करावा. ज्यांना मुलगी नाही त्यांनी माझ्या मुलीला करावा, तिची हरकत नसावी. पायरी ४ : ती सांगेल ते करावे. तिला यातले सगळे माहीत आहे. पायरी ५ : ती रागावेल. वाईट वाटून घेऊ नये. मीही कचेरीत नवख्या मुलांवर रागवत असे. ज्याला येते त्याला न येणाऱ्याचा राग येतोच."

"खरंच आहे," आई म्हणाली. "तुला येतंच सगळं. त्यांच्या मित्रांना पाठव हे. वाट बघताहेत ते."

दहा वाजले. संगणकाने ठरल्याप्रमाणे पडदा काळा केला आणि आपलं अद्ययावतीकरण सुरू केलं. काळ्या काचेत मी दिसत होते आणि माझ्यामागे आई. बाबांच्या खुर्चीत मीच बसले होते, तेव्हा बघायला दुसरीकडे जागा नव्हती.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "मला माहीत नसायचं. म्हणून मी रागवायचे."