आईसाठी एक तास

एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर भिंतभर भोकं आणि दोन्ही हातांत वायरी. हजारो माणसं मी हजारो माणसांना जोडून दिली आणि एकदाही माझं कनेक्शन चुकलं नाही! म्हणजे एकदा चुकलं, पण ते पहिल्याच आठवड्यात. ज्यांचं चुकलं ते गृहस्थ तावातावाने भांडायला आले आणि पुढे माझे यजमान झाले, त्यामुळे ती चूक मी धरत नाही.

सांगायचा मुद्दा असा, की यंत्र मला घाबरतं, मी यंत्राला नाही. त्यामुळे मुलाने त्याचा जुना मोबाइल मला दिला आणि म्हणाला, "आई, जपून हं, भलतंच काही दाबू नकोस," तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, तू पाळण्यात होतास तेव्हा अर्धं शहर माझ्या बोटांवर बोलत होतं!

घरात आम्ही चौघं. मुलगा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत, सून दातांची डॉक्टर, नात शाळेत. नातीला मी भिंगरी म्हणते, कारण पोहणं, चित्रकला, गणिताचा क्लास असं तिचं फिरणं थांबतच नाही. चौघांच्या चार दिशा, आणि ही चार टोकं बांधून ठेवतं ते मोबाइलमधलं कॅलेंडर. त्यात सगळं असतं. 'आईसाठी गोळ्या.' 'आईसाठी चष्मा.' 'आईसाठी गुडघ्याचा पट्टा.' माझ्यासाठी वस्तू येत होत्या, माणूस काही येत नव्हता.

आमच्या वेळी असं नव्हतं, हे वाक्य मी दिवसातून फार तर पाच वेळा म्हणते. पण खरंच नव्हतं! सुटीच्या दिवशी दुपारी चार वाजता आमच्या मागच्या खोलीत ऊन यायचं, बरोबर एका चटईएवढं. त्यात आम्ही तिघं बसायचो. यजमान, मी आणि हा लिफ्टवाला, तेव्हा पाच वर्षांचा. गरम टोस्ट, वर लोणी, चहा. बोलायचं काही नाही, करायचं काही नाही. ऊन वीतभर सरकलं की आम्हीही वीतभर सरकायचो. तासाभरात भिंतीशी पोहोचायचो आणि मग उठायचो. एवढंच! पण ते सुख अजून माझ्या पाठीला आठवतं.

आताच्या घरातही चारला ऊन येतं. मी एकटी सरकते.

एका शुक्रवारी मुलगा एका हाताने बूट घालत, दुसऱ्या हाताने फोन धरून दाराबाहेर पडत होता. मी म्हटलं, "अरे, रविवारी चारला जरा बसशील का माझ्याजवळ? तासभर?"

"वेळच नाही गं आई! काही असेल तर कॅलेंडरवर टाक!"

आणि लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने धाडधाड उतरून गेला.

दुसरी कुणी असती तर पदर डोळ्यांना लावून बसली असती. मी चष्मा लावला. टाकते कॅलेंडरवर! भिंगरी पोहण्याची पिशवी खांद्याला लावून उभी होती, तिला धरलं.

"सोप्पं आहे आजी. इथे लिही, इथे वेळ टाक, इथे पाठव."

"कुणाकुणाला, ते विचारतंय."

"सगळ्यांना दाब ना!"

"आणि हे? दर आठवड्याला का, म्हणतंय."

पण भिंगरी तोवर दोन जिने खाली गेली होती. मग मी माझ्या बुद्धीने दाबलं.

आता मजकूर. एक्स्चेंजमध्ये तीन मिनिटांचा कॉल असायचा. शब्द वाया घालवणारी माणसं मला आजही आवडत नाहीत. मी मोजून लिहिलं: 'आईसाठी एक तास. रविवारी चार वाजता, घरी. शांत बसायचं. कामाचं बोलायचं नाही. फोन बंद. काही आणू नये.'

वाचून पाहिलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मला माझाच अभिमान वाटला!

संध्याकाळी सून म्हणाली, "आई, बघितलं हं मी. रविवारी चार. एक दाढ काढायची आहे, ती निघाली की येतेच." मुलगाही म्हणाला, "येतो गं!" म्हणजे पोहोचलं! शनिवारी माझ्या मोबाइलवर कोपऱ्यात हिरवा आकडा दिसायला लागला. आधी नऊ, मग तेवीस. मला वाटलं, बॅटरी असेल. म्हणून चार्जिंगला लावला, तर आकडा एकेचाळीस झाला. म्हटलं, बघा, भरतेय!

त्या शनिवारी मुलगा मोठ्या खुशीत होता. "आई, आज ऑफिसातून एक फोन नाही! नाहीतर माझे साहेब आंघोळीतही सोडत नाहीत." आणि मिळालेल्या शांततेत त्याने काय केलं? जास्त काम!

रविवारी दुपारी कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली, म्हणून तो गेला. "चारच्या आत आलोच!" मी चार कप मांडले, आठ टोस्ट भाजले, लोणी बाहेर काढून ठेवलं. पावणेचारला ऊन आत आलं.

बरोबर चारला बेल वाजली. दार उघडलं, तर एक उंच, जाडजूड गृहस्थ धापा टाकत उभे. हातात पांढऱ्या फुलांचा हा एवढा गुच्छ! मागे जिन्याच्या वळणापर्यंत माणसंच माणसं, सगळ्यांचे चेहरे इस्त्री करून लांब केल्यासारखे.

"मी लिफ्ट कंपनीचा..." त्यांना श्वास पुरेना. लिफ्टच्या कंपनीचे मालक चार जिने चढून आले होते!

"अगंबाई, साहेब का? या या! तो येईलच एवढ्यात."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "आपण त्यांच्या मावशी?"

"छे हो, मला सख्खं भावंडच नाही," मी म्हटलं. पण तेवढ्यात मागची माणसं आत यायला लागली आणि बोलणं तिथेच राहिलं. बायका माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे जात होत्या. हिशेब खात्यातल्या एका मुलीने तर गळ्यालाच मिठी मारली. मला भरून आलं! म्हटलं, बघा माझं लेकरू! मी एक तास मागितला, तर अख्खं ऑफिस घेऊन आलं.

माणसं संपेनात. मेकॅनिक आले, विमा एजंट आला, मुलाचे बूट शिवून देणारा चांभार आला, त्याच्या शाळेतले गणिताचे मास्तर काठी टेकत आले. खुर्च्या संपल्या, पलंग संपला. मग सगळे जमिनीवर बसले. आणि बसले ते असे गप्प, की भिंतीवरच्या घड्याळालाच संकोच वाटला असेल! फोन बंद. कामाचं कुणी बोलेना. अगदी लिहिलं होतं तस्सं! एवढी आज्ञाधारक माणसं मी एकतीस वर्षांत पाहिली नव्हती.

मी हळूच साहेबांच्या कानात म्हटलं, "टोस्ट आठच आहेत हो."

"अशा वेळी काही नको, मावशी. आम्ही खाऊन आलो आहोत." मग आवाज आणखी उतरवून, "फार त्रास झाला का शेवटी?"

मला वाटलं, गुडघ्यांचं विचारताहेत. "झाला की. जिना उतरताना जास्त."

साहेबांनी डोळे मिटले. "जिन्यावरून..." ते पुटपुटले आणि ही बातमी मांडीला मांडी लावून बसलेल्या रांगेतून मागपर्यंत गेली. मागे कुणीतरी हुंदका दिला.

मग साहेब उठून उभे राहिले. घसा साफ केला. "दोन शब्द बोलतो. मी या माउलीला कधी भेटलो नाही. त्याला कारण मीच. यांच्या मुलाला मी कधी वेळेवर घरी सोडलं नाही. तरी तिने कधी तक्रार केली नाही. ती फार सोशिक होती."

"होती?" मी म्हटलं.

"फार."

"कोण होती?"

"आई."

"कुणाची?"

"अहो, ज्यांचं हे घर, त्यांची! ज्या गेल्या!"

"गेल्या? कुठे गेल्या? त्याची आई मी! ही काय इथे उभी आहे, लोण्याची सुरी घेऊन!"

आमच्या घरात एकदा गॅसचा भडका उडाला होता, तेव्हाही एवढी पळापळ झाली नव्हती! साहेबांच्या हातातला गुच्छ पडला, त्यावर साहेब बसले. हिशेबवाली मुलगी किंचाळली. विमा एजंट एकदम ताठ झाला, तो बहुधा कागदपत्रं आठवत असावा. एकटे मास्तर शांत होते. ते म्हणाले, "उत्तर आधी पडताळून बघायला हवं होतं."

साहेबांनी फोन चालू केला आणि माझ्यासमोर धरला. वर मुलाचं नाव, त्याचा फोटो. खाली माझा मोजून लिहिलेला मजकूर. तो मोबाइल त्याचा जुना! पुसून द्यायला त्याला वेळ मिळाला नव्हता. त्यामुळे मी 'सगळ्यांना' म्हटलं, ते त्याच्या सगळ्यांना गेलं, आणि गेलं ते त्याच्या नावाने. 'आईसाठी एक तास. शांत बसायचं. फोन बंद.' मी पुन्हा वाचलं. पहिल्यांदाच वाटलं, एखादा शब्द जास्त चालला असता.

"पण कुणी त्याला विचारलं कसं नाही?" मी ओरडले.

"अशा वेळी कोण विचारतं हो?" साहेब म्हणाले. "उलट मी सगळ्यांना बजावलं होतं, खबरदार त्याला कुणी फोन केलात तर!"

आणि तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. "आई!"

तो आवाज मी ओळखते. पाच वर्षांचा असताना सायकलवरून पडला होता, तेव्हाचा आवाज तो. इतक्या वर्षांत पुन्हा ऐकला नव्हता.

झालं होतं ते असं: अडकलेल्या लिफ्टसाठी त्याला मेकॅनिक हवा होता. फोन लावतोय, तर अख्ख्या ऑफिसचे फोन बंद! शेवटी वॉचमनने उचलला. "साहेब, सगळे तुमच्याच घरी गेलेत."

"माझ्या घरी? कशाला?"

"आता मी कोणत्या तोंडाने सांगू, साहेब? आईंसाठी."

त्याने घरी फोन लावला. माझा फोन बंद. मी नियमाची पक्की!

दारात तो उभा राहिला. समोर पांढरी फुलं, खाली बसलेली माणसं, आणि मधोमध मी. तो पुढे आला आणि माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडला, एकेचाळीस माणसांदेखत! मी आयुष्यात इतकी हादरले नव्हते. जिवंत असल्याची लाज वाटावी, असा तो रडत होता.

"अरे, मी आहे! बघ, आहे मी! चिमटा काढू का?"

"आई," तो म्हणाला, "सगळ्या रस्त्यात मी आठवत होतो गं. तुझ्याजवळ शेवटचा कधी बसलो होतो? आठवेचना!"

"दोन वर्षं चार महिने झाले," मी म्हटलं. "गुरुवार होता. वीज गेली होती. वीस मिनिटं बसलास. आली, उठलास."

साहेब मान खाली घालून गुच्छातली एक एक पाकळी सरळ करत होते.

तेवढ्यात मला दिसलं, मुलाच्या मागे एक अनोळखी माणूस रुमालाने डोळे पुसतोय. "हे कोण?"

"मी लिफ्टमध्ये अडकलो होतो," तो म्हणाला. "यांनी मला हाताने वर ओढून काढलं आणि एकदम रडायलाच लागले. असे गाडी चालवतील कसे? म्हणून मी सोडायला आलो."

तेवढ्यात दाढ उपटून सून आली आणि केस ओले घेऊन भिंगरी आली. दोघी दारातच थिजल्या.

"आजी, एवढे लोक कुणी बोलावले?"

"तूच म्हणालीस ना, सगळ्यांना दाब!"

मग काय करणार? आठ टोस्ट शेहेचाळीस माणसांत वाटले. एकेकाला मुंगीच्या वाट्याएवढा तुकडा आला! साहेबांनी तो तोंडात टाकला, उन्हात पाय पसरले आणि गप्प बसले. ऊन वीतभर सरकलं. मी सरकले. मुलगा सरकला. मग सून, भिंगरी, साहेब, मास्तर, सगळी रांगच्या रांग वीतभर सरकली! भिंतीशी पोहोचलो तेव्हा पाच वाजले होते. जाताना साहेब हळूच म्हणाले, "आई, मी अकरा वर्षांत असा बसलो नव्हतो."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आठवतं ना, तो मोबाइल काहीतरी विचारत होता? दर आठवड्याला का? तेव्हा मी माझ्या बुद्धीने 'हो' दाबलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी चारला ही मंडळी हजर असतात. साहेब येताना लोणी आणतात, अडकलेला माणूस पाव आणतो. मुलगाही घरीच असतो, एक रविवार चुकवत नाही. परवा मी सरकत सरकत स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले आणि म्हटलं, "अरे, ये ना, बस जरा माझ्याजवळ."

तो तव्यावर वाकला होता, घामाने डबडबलेला, दोन्ही हातांत टोस्ट.

"वेळच नाही गं आई! अजून तीस भाजायचेत. काही असेल तर कॅलेंडरवर टाक!"