जयनगरच्या पोपटी भिंतींची चोरी

‘मला टाळायला बेंगळूरचे चोर म्हैसूरला बिऱ्हाड हलवतात,’ असं गुप्तहेर उपेंद्र हुद्दार स्वतःच सांगत. पोटासाठी ते विमानाच्या कारखान्यात कारकुनी करत, ही एवढीच गोष्ट मात्र त्यांनी गुप्त ठेवली होती. त्यांचा मदतनीस शेजारचा नागनाथ. बिचाऱ्याला कुणालाच नाही म्हणता येत नसे.

त्या वर्षी, म्हणजे १९६५ साली, जयनगरात वसुमतीअक्कांनी बालवाडीसाठी पोलादी पत्र्यांची खोली उभारली. पत्रे रंगवूनच आलेले. “चांगल्या वस्तीत पत्र्याची शेड?” म्हणून महापालिकेचे शिवाप्पा आधी अडून बसले होते. नमुन्याचा पोपटी तुकडा पाहून ते विरघळले, पण अट घातली: भिंती अश्शाच दिसल्या तर कायमची परवानगी, नाहीतर पाडापाडी.

आज ते पाहायला आले, तर भिंती मातकट!

“सरी, ठीक आहे अक्का, पण हिरवा कुठाय? सोमवारी माणसं पाठवतो पाडायला.”

अक्कांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “अहो, पोरं बसवू कुठं?”

“थांबा!” नागनाथला घेऊन बघ्यांत उभे असलेले हुद्दार गरजले. “रंग चोरीला गेलाय!” त्यांनी नवंकोरं भिंग डोळ्याला लावलं. त्यातून सगळं धुरकटच दिसे; पण रहस्य म्हटलं की धुरकट असायचंच, असं त्यांचं मत होतं.

“काम हुकलेल्या कुणा विटांच्या कंत्राटदाराने जळफळून पत्रे बदलले! नाहीतर उन्हाने रंग उडाला.”

बेंगळूरच्या उन्हात पापड वाळत नाही, रंग कुठला उडतोय, असं नागनाथच्या मनात आलं.

“किंवा,” हुद्दारांनी भिंग वळवलं, “साहेब, तुम्हाला हिरवा दिसतो ना?”

“सोमवार कशाला?” शिवाप्पा भडकले. “आजच पाडतो!”

नागनाथने कपाळावर हात मारला. एवढ्यात कॉफी घेऊन आलेल्या हेमलतावहिनींनी, म्हणजे हुद्दारांच्या पत्नीने, भिंतीचा कोपरा नखाने खरवडला.

“अगं बाई! हा तर वरचा कागद! ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेला.”

टर्रर्र! आत लखलखीत पोपटी. अक्का रडता रडता हसायला लागल्या आणि दोघी मिळून भिंत सोलू लागल्या. शिवाप्पांनी तिथेच सही ठोकली. “स्वल्प आधी काढायचा होतात की!”

“पण कामगारांनी कागद काढला कसा नाही? काढू नका म्हणून त्यांना कुणी सांगितलं की काय?” अक्कांनी विचारलं.

नागनाथने हुद्दारांकडे पाहिलं. ‘नवी वस्तू, खराब होईल!’ असं त्यांनीच बजावलेलं त्याने ऐकलं होतं. त्यांच्या घरचा रेडिओसुद्धा अजून खोक्यातूनच गात असे.

हुद्दारांनी भिंग लावून रस्ता न्याहाळला. “गुन्हेगार पसार झालाय.”

वहिनींनी भिंग हिसकावलं, काचेवरचा पातळ कागद सोलला आणि ते परत त्यांच्या हाती दिलं.

“आता घरी जाऊन आरशात बघा. सापडेल.”