तरे बाईंचा रोबो

तरे बाई स्टाफरूममध्ये आल्या की लगेच बसत नाहीत. दारात उभ्या राहतात, मान थोडी वाकडी करतात आणि पंख्याचा आवाज ऐकतात. मग आपली खुर्ची उचलून पंख्यापासून लांब, कपाटाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवतात. मी या शाळेत आले त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात तो पंखा कुणाच्या डोक्यात पडलेला नाही. "अजून नाय पडला," असं बाई म्हणतात, आणि 'अजून'वर जोर देतात.

त्या विज्ञान शिकवतात, मी मराठी. मी मूळची सांगलीकडची, नवऱ्याच्या नोकरीमुळे बोईसरला आले. पालघरच्या या शाळेत पहिल्या दिवशी माझ्याशी बोलल्या त्या एकट्या तरे बाई. म्हणाल्या, "रिक्षाने आलात? ती वाटेत बंद पडली असती तर?"

हा त्यांचा कायमचा प्रश्न. कुणी नवी गाडी घेतली, कुणाच्या इमारतीत लिफ्ट आली, बाई पेढा खातात आणि विचारतात, "बंद पडली तर?" स्नेहसंमेलनात पाहुणे भाषणाला उभे राहिले तेव्हा त्या माझ्या कानात म्हणाल्या, "माईक बंद पडला तर?" आणि माईक बंद पडला. तेव्हापासून आमचा शिपाई रघुनाथ पाण्याचा पंप लावायला निघाला की आधी बघतो बाई कुठे आहेत. दिसल्याच तर हात जोडतो. "बाई, दोन मिंटं कायच बोलू नका."

त्यांच्या शेजारी बसून बसून मलाही ती सवय लागली. घरातून निघताना मी गॅस दोनदा बघते. नवरा म्हणतो, शाळा बदल.

अशा बाईंनी शाळेत रोबोची टीम काढायची ठरवली. आंतरशालेय स्पर्धेचं पत्रक हेडमास्तरांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली पडलं होतं. बाईंनी कप उचलला आणि पत्रक उभ्या उभ्या वाचलं. मुलांनी स्वतः यंत्र बनवायचं, पुण्याला न्यायचं आणि अडीच मिनिटं मैदानात चालवून तिथे ठेवलेल्या कड्या गोळा करायच्या.

"सर, आपण भाग घेऊ या," बाई म्हणाल्या.

हेडमास्तरांनी कप त्यांच्या हातून परत घेतला. "बाई, तुम्ही? आणि ते बंद पडलं तर?"

"पडणारच. बंद पडल्यावर काय करायचं ते पोरांना कोण शिकवतंय?"

हेडमास्तरांनी परवानगी दिली, पण अटी घालून. मुदत एक वर्ष. शाळेकडून पैसा नाही. पालकांची एक जरी तक्रार आली तरी टीम त्याच दिवशी बंद. आणि मुली असतील, तर सोबत दुसरी बाई हवी. बाई बाहेर आल्या त्या थेट माझ्यापाशी. दुसरी बाई कोण, ते मला न विचारताच ठरलं होतं.

नववीतली सहा मुलं मिळाली. चार मुली, दोन मुलगे. त्यांतली दीप्ती मुरबे या किनाऱ्यावरच्या कोळी गावातली. तिच्या वडिलांची बोट आहे, आणि तिच्या हातात पान्हा असा बसायचा जसा आमच्या हातात खडू.

मुलं मिळाली, पैसा कुठून आणायचा? मी कारखान्यांना पत्रं लिहिली. 'उद्याच्या भारताचे शिल्पकार' वगैरे सगळं घातलं. एकाचंही उत्तर आलं नाही. स्पर्धेत नाव नोंदवायची मुदत जवळ यायला लागली तशा बाई डबा अर्धा टाकून उठायला लागल्या. शेवटी एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर, आम्ही दोघी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत गेलो.

पहिलाच कारखाना प्लॅस्टिकचे डबे बनवणारा होता. तिथल्या पांडेजी नावाच्या फोरमनने आम्हाला आत घेतलं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात लक्षात आलं की बाई शेजारी नाहीत. त्या मागे थांबल्या होत्या. मान वाकडी.

"ते तिसरं मशीन," त्या म्हणाल्या. "त्याचं बेअरिंग रडतंय. बंद पडलं तर?"

पांडेजींचा चेहरा बदलला. "मॅडम, आप टीचर हैं ना?"

"हो. विज्ञानाची."

"तो विज्ञान पढाइए. मशीन हम देख लेंगे."

पाणीसुद्धा न विचारता आम्हाला फाटकाबाहेर काढलं. परतीच्या रिक्षात मी धुमसत होते. इतक्या दिवसांत एक दार उघडलं होतं आणि बाईंनी ते स्वतःच्या तोंडाने लावून घेतलं होतं. मग त्याच म्हणाल्या, "मागायला गेले आणि लोकांची खोड काढून आले. मला मागताच येत नाय. आवाज मात्र येतो."

चौथ्या दिवशी शाळेच्या फोनवर पांडेजी. "मॅडम, वो तीन नंबर रुक गया. पूरी शिफ्ट खड़ी है. आपको कैसे पता चला?"

कसं कळलं, ते मलाही तेव्हाच समजलं. बाईंचे वडील बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. आयुष्यभर इंजिनाशेजारी बसून त्यांच्या कानांनी दगा दिला, तेव्हा ते आठ-नऊ वर्षांच्या या मुलीला सोबत न्यायला लागले. ती ऐकायची आणि सांगायची, ते खोलायचे. "दर्यात इंजिन बंद पडलं तर खाली उतरून धक्का मारता येत नाय," असं ते म्हणायचे. बोट परत येईपर्यंत बापलेकींना जेवण जात नसे. आपण ऐकलं ते बरोबर होतं ना, याची धास्ती.

पुढचे सात-आठ शनिवार आम्ही मुलांना घेऊन वसाहतीत फिरलो. पांडेजींनी दोन-तीन कारखान्यांत सांगून ठेवलं होतं. बाई मशीनपुढे उभ्या राहायच्या, मुलं वहीत लिहून घ्यायची. सगळीकडे काही सापडायचं असं नाही. एका ठिकाणी बाईंनी ज्या आवाजाकडे बोट दाखवलं तो मालकाच्या खोकल्याचा निघाला. पण कुणी जुन्या मोटरी दिल्या, कुणी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या. पांडेजींच्या मालकांनी रोबो चालवायच्या कंट्रोलरचं किट घेऊन दिलं, मुदत संपायच्या आत प्रवेशाची फी भरली, आणि पुण्याला जायला कामगारांची बसही कबूल केली.

रोबो तयार झाला. लांबोळका, बारीक आणि पुढे दोन दात. मुलांनी त्याचं नाव बोंबील ठेवलं. तो चालायला लागल्यावर सगळ्यांना आनंद झाला, बाईंना सोडून. मुलं पाणी प्यायला गेली की त्या हळूच एखादी वायर काढून ठेवायच्या, नाहीतर स्क्रू ढिला करायच्या. मुलांनी यायचं, रोबो चालत नाही म्हणून बघायचं, आणि एका मिनिटात दोष शोधायचा. बाई घड्याळ धरून उभ्या. एकदा दीप्ती रडकुंडीला आली. "बाई, चांगला चाललाय, तर का मोडता?"

"मी मोडलेला तुला सापडेल," बाई म्हणाल्या. "तिथं मोडेल तेव्हा मी आत नसेन."

मग आली पालकांची परवानगी. पाच घरांतून सह्या आल्या. मुरब्याहून आली नाही. आम्ही गेलो तेव्हा दीप्तीची आई बोंबील वाळत घालत होती. हात थांबवले नाहीत.

"तीन दिस? पोरीला? कामाचे दिस हायेत, बाई. आन पुण्यात आमचं कोण हाय?"

मी शिक्षणाचं महत्त्व सांगायच्या तयारीत होते. बाईंनी पिशवीतून वही काढली आणि वाचायला सुरुवात केली. बस बंद पडली तर. मुलीला ताप आला तर. खोलीची कडी आतून अडकली तर. बाहेरचं पाणी बाधलं तर. प्रत्येक 'तर'पुढे काय करायचं ते लिहिलेलं होतं, कुणाला फोन करायचा तेही. तिसऱ्या पानावर दीप्तीच्या आईने हातातले बोंबील खाली ठेवले. तिच्या डोक्यात नसलेल्या भीतीही बाई तिला वाचून दाखवत होत्या. मला वाटलं, संपलं. आता ही हो म्हणणार नाही.

"अजून किती पानं हायेत?" तिने विचारलं.

"सात."

"ऱ्हाऊ द्या. न्या पोरीला. तुमीच एवढं भेताय, मंग मी कशाला भेऊ?"

पुण्यात त्या दोन रात्री बाई झोपल्या नाहीत, आणि त्यांनी मलाही झोपू दिलं नाही. स्पर्धेच्या मोठ्या हॉलमध्ये बाकी शाळांचे चकचकीत रोबो बघून आमची मुलं बोंबीलला पुन्हा पुन्हा पुसायला लागली. पहिल्या फेरीत बोंबील बरा चालला. दुसऱ्या फेरीच्या वेळी बाई हॉलबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी दारात. आत बघायचं आणि बाहेर सांगायचं, एवढंच माझं काम.

"निघाला," मी म्हणाले. "एक कडी उचलली. वळला." आणि मग तो थांबला. मैदानाच्या मधोमध. शिट्टी नाही, धूर नाही, नुसता उभा.

"थांबला ना?" बाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "आवाज गेला."

दीप्तीने पंचांकडे हात वर केला. परवानगी मिळताच ती आणि दुसरी एक मुलगी मैदानात गुडघ्यांवर बसल्या. मी माझ्या मनगटावरचं घड्याळ बघत होते, पण काटा कळत नव्हता. मला फक्त दीप्तीची वेणी दिसत होती. मग बाईंची मान वाकडी झाली. माझ्या आधी त्यांना कळलं.

"चालू झाला," त्या म्हणाल्या आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

नंबर आला नाही. मधेच कुठेतरी राहिलो. पण एक पंच आमच्या टेबलापाशी येऊन दीप्तीला विचारत होते, इतक्या लवकर वायर कशी सापडली. ती म्हणाली, "आमच्या बाई रोज काढतात." शाळेने पुढच्या वर्षीही टीम ठेवली, एवढं इथेच सांगून टाकते. प्रयोगशाळेमागची अडगळीची खोलीही मिळाली.

रविवारी संध्याकाळी सहाला बस पालघरला परतली. सहाही मुलांचे आईवडील उभे होते. दीप्तीची आई सगळ्यांत आधी आलेली. पाच मिनिटांत सगळी पांगली. शाळेला कुलूप होतं, म्हणून रोबोचं खोकं बाईंच्या घरी, शिरगावला ठेवायचं ठरलं. ड्रायव्हर म्हणाला, सोडतो.

अकरा वर्षांत मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ वसईला, बाई एकट्या राहतात, एवढं माहीत होतं. खोक्याची एक बाजू मी धरली, एक त्यांनी. त्यांनी दिवा लावला.

बाहेरच्या खोलीत चार गाद्या ओळीने घातल्या होत्या. पलीकडे माजघरात दोन. सगळ्यांवर नव्या चादरी, अजून घड्यांच्या रेघा असलेल्या. प्रत्येक उशीला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली. दीप्तीचं नाव खिडकीजवळच्या उशीवर होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेजाऱ्यांकडून आणलेलं मोठं पातेलं पालथं घातलेलं.

मी काही विचारायच्या आधीच बाई घाईने म्हणाल्या, "बस वाटेत अडकली असती, रात्र झाली असती, तर कुणाचे आईबाप न्यायला आले नसते. आले नसते तर पोरं कुठं गेली असती? म्हणून जाण्याआधी घालून ठेवल्या."

"सगळे आले की हो, बाई."

"हो. सगळे वेळेवर आले."

खोकं आम्ही कोपऱ्यात ठेवलं. बाहेर बसचा ड्रायव्हर वाट बघत होता. मी नवऱ्याला फोन केला की उशीर होईल, मग दारातून ड्रायव्हरला जेवायला हाक मारली, आणि बाईंना म्हटलं, मला भूक लागलीय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत गेल्या आणि पातेलं सुलटं केलं.

नुसतं बसून राहवेना, म्हणून मी एका गादीची चादर उचलून घडी घालायला घेतली. तांदूळ धुता धुता बाईंनी वळून बघितलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आजची रात्र असू देत तशाच."