बिंदुमाधवरावांचं पुढचं वाक्य

"एकतीस वर्षं इंग्रजी शिकवतोय मी, आणि पोरांनी शिकायचं कसं, ते ही कालची पोर मला सांगणार होय?" बिंदुमाधवराव स्टाफरूममध्ये असे कडाडले, की शेजारच्या मास्तरांची कॉफी हिंदकळली.

कालची पोर म्हणजे सुखदा. मूळची पुण्याची, हल्ली बंगळूरच्या इंदिरानगरातल्या एका शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत. बिंदुमाधवराव तिथल्याच जे. पी. नगरच्या एका खासगी कॉलेजातून महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते. दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार होती, पण सुखदानं वर्ग पाहून शिफारस केली तरच. आणि मुदतवाढ त्यांना हवी होती. कुणाजवळ कबूल करत नव्हते एवढंच. घरी बसून बाल्कनीतून लोकांच्या गाड्या बघायच्या, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

"सर, एकच स्ट्रॅटेजी घ्या," सुखदा म्हणाली. "प्रेडिक्शन. ऐकता ऐकता समोरचा पुढे काय बोलेल, याचा मुलांनी अंदाज बांधायचा. मग परक्या भाषेचं टेन्शन कमी होतं."

"सरी, सरी, ठीक आहे. स्वल्प अंदाजच करायचा ना? त्याला एवढं मोठं नाव कशाला?"

वर्गात कानडी माध्यमातून आलेली चाळीस मुलं होती. कारभार अर्थातच इंग्रजी-कानडीत चालला. पण सरांचा संताप मराठीतच नीट सांगता येतो. सुखदा मागच्या बाकावर वही उघडून बसली. सरांनी नियम सांगितला. मी मध्येच थांबेन, पुढचं तुम्ही ओळखायचं.

"आज आपण एक गोष्ट ऐकू," सर म्हणाले. "एकदा काय झालं..."

"म्हैसूरच्या हॉटेलात एक गोरा साहेब आला!" चाळीस तोंडांतून एकदम निघालं.

"वाढपी त्याला म्हणाला..."

"सायबा, कॉफी बशीत ओतून प्या!" आणि सगळा वर्ग खो खो हसला. विनोद अजून दीड मिनिट लांब होता.

"कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

"वहीत आहे, सर," कल्लाप्पा उभा राहून म्हणाला. "माझ्या मावशीच्या. तीही तुमचीच विद्यार्थिनी. 'इथे हसणे' असंसुद्धा लिहिलंय."

सरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इतकी वर्षं ज्या विनोदावर वर्ग मनापासून हसतो असं ते समजत होते, ते हसू वहीतून उतरवलेलं होतं! त्यांनी नोट्स मिटून टेबलावर टाकल्या. साहेब गेला खड्ड्यात. आज सगळं नवं बोलायचं. त्यांनी श्वास घेतला.

"आता सरांचे काका," रघुनंदन म्हणाला. "धारवाडला, कंदिलाच्या उजेडात शिकलेले."

सरांनी उघडलेलं तोंड मिटलं. जिभेवर काकाच होते.

"आता सर चष्मा पुसणार." हात कानापर्यंत गेलाच होता, तो त्यांनी खाली घेतला.

"आता डस्टर आपटणार." उचललेलं डस्टर त्यांनी तान्ह्या बाळासारखं अलगद खाली ठेवलं.

"आता बाहेर जाणार!"

सरांचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता. दुसराही बाहेर टाकावा, तर पोरं बरोबर ठरतात. आत यावं, तर अब्रू कुठे ठेवायची? ते तसेच उभे राहिले. मागे सुखदाचं पेन भराभरा चाललं होतं. ही बया आपलं श्राद्ध घालतेय, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

घंटा झाली तशी सुखदा लगबगीनं पुढे आली. "सर, अमेझिंग! इतकं कान देऊन ऐकणारी मुलं मी कुठे पाहिली नाहीत. शिफारस केलीय मी. फॉर्म आज संध्याकाळीच जायचाय, फक्त तुमची संमतीची सही द्या."

बिंदुमाधवरावांचं डोकं आणखीच फिरलं. भर वर्गात अब्रूचे धिंडवडे निघाले आणि ही बाई त्याचं कौतुक करते! नको मला तुमची मुदतवाढ, असं तोंडावर सांगून फॉर्म परत करायचा, हे त्यांनी पक्कं ठरवलं.

एवढ्यात पहिल्या बाकावरून अनुषाचा आवाज आला. "आता सर 'नको' म्हणणार. दोन दिवस रुसणार. मग सही करणार."

"असं काय?" सर गरजले. त्यांनी खिशातून पेन उपसलं आणि 'नको'तला 'न'सुद्धा न उच्चारता फॉर्मवर अशी सही ठोकली, की कागद फाटता फाटता राहिला. "चुकलात! अनुषा, साफ चुकलीस! सरांना ओळखणं एवढं सोपं नाही!"

आणि ते ताठ मानेनं बाहेर पडले. जिन्यापाशी पोचल्यावर हजेरीपट आत राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं. परत फिरले, तर दाराआडून कल्लाप्पाचा आवाज ऐकू आला.

"तुझा अंदाज चुकला की गं."

"चुकला कुठे?" अनुषा म्हणाली. "मी तसं बोलले नसते, तर सरांनी आज सही केली असती का?"

बिंदुमाधवराव जागच्या जागी थबकले. संतापानं कान तापले होते, ओठ मात्र काही केल्या जागेवर राहीनात. असल्या हसऱ्या तोंडानं वर्गात कसं शिरायचं? हजेरीपट आतच सोडून ते जिना उतरले.